“काय झालं याच्या तोंडाला?” : अनोळखी माणसाला उत्तर देताना

चेहऱ्यावर मोठी जन्मखूण, शिवलेला ओठ, कोडाचे डाग, भाजल्याचा व्रण, कानामागे श्रवणयंत्र. असं काही असलेलं मूल घेऊन घराबाहेर पडलं की प्रश्न येतोच. गोव्यात म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात येतो, कदंबच्या बसमध्ये येतो, जत्रेत खाज्यांच्या दुकानासमोर येतो. “कितें जालां गो ताच्या तोंडाक?” विचारणारी बाई बहुतेक वेळा वाईट नसते. तिने तो प्रश्न पहिल्यांदाच विचारलेला असतो, पण तुम्ही तो किती वेळा ऐकला आहे याची तिला कल्पना नसते.

उत्तर काय द्यावं याचा विचार करताना आईवडिलांच्या डोळ्यांपुढे ती बाई असते. तिला गप्प करावं, समजावून सांगावं, की ऐकलंच नाही असं दाखवावं? घोटाळा इथेच होतो. बोलणं दोघांत चाललेलं दिसलं तरी ऐकणारं तिसरं माणूस कडेवर बसलेलं असतं. बाई कोथिंबिरीची जुडी घेऊन पुढे जाईल आणि विसरेल. मूल मात्र आपल्या चेहऱ्याबद्दल कसं बोलायचं असतं हे त्या क्षणी शिकत असतं. नऊ-दहा महिन्यांचं बाळसुद्धा अनोळखी माणूस समोर आला की आधी आईचा चेहरा बघतं आणि घाबरायचं की हसायचं ते त्यावरून ठरवतं. शब्द कळायच्या कितीतरी आधी त्याला सूर कळतो. म्हणून उत्तर तयार करताना एवढंच तपासायचं: हेच वाक्य उद्या मुलाने स्वतःच्या तोंडाने म्हटलं तर चालेल का?

वाक्य घरी तयार करायचं

बाजारात उभ्या उभ्या चांगलं उत्तर सुचत नाही. राग आलेला असतो, हातात पिशव्या असतात. म्हणून ते आधी ठरवून ठेवायचं.

तरुणपणी गाडीच्या आगीत चेहरा भाजलेल्या जेम्स पार्ट्रिज यांनी १९९२ साली ब्रिटनमध्ये ‘चेंजिंग फेसेस’ ही संस्था काढली. चेहरा वेगळा असलेल्या माणसांसाठी ही संस्था जी रीत सुचवते तिच्या पायऱ्या तीन आहेत: थोडक्यात सांगा, समोरच्याला निर्धास्त करा, विषय वळवा. आपल्याकडेही ती चालते, फक्त वाक्यं आपली हवीत.

पहिल्या भागात त्या गोष्टीचं खरं नाव घ्यायचं. दुसऱ्या भागात लोकांच्या मनात जी भीती न बोलता असते तिचं उत्तर द्यायचं: दुखतं का, लागण होते का, कोणी मारलं का? तिसऱ्या भागात तिथून निघायचं, नाहीतर दुसरं काही बोलायचं. सगळं मिळून दहा सेकंदांच्या आत.

“जन्मखूण आहे. दुखत नाही त्याला. बांगडे कसे दिले?”

“कोड आहे, हात लावल्याने होत नाही. चल गं, बस आली.”

“जन्मतः ओठ जुळला नव्हता, आता शिवलाय. छान जेवतो, छान बोलतो.”

“लहानपणी गरम पाण्याने भाजलं होतं. आता बरी आहे ती.”

विचारणारी कोंकणीत बोलली तर उत्तरही कोंकणीत द्यावं: “जल्मासावन आसा. दुखना ताका.” घरी मराठी बोलणाऱ्या मुलालाही हे वाक्य दोन्ही भाषांत यायला हवं, कारण प्रश्न बहुधा कोंकणीतच येणार. पर्यटकांसाठी हिंदीतलं एक वाक्य पुरतं.

या वाक्याचं बहुधा कुठे बिनसतं? एक तर ते लांबतं. गरोदरपण, सोनोग्राफी, बांबोळीच्या सरकारी इस्पितळाच्या फेऱ्या, पुढची शस्त्रक्रिया, सगळा इतिहास त्या बाईसमोर उलगडला जातो, आणि जितकं सांगावं तितके पुढचे प्रश्न येतात. मुलाचा वैद्यकीय इतिहास मुलाचा असतो, तो फुकट वाटायचा नसतो. दुसरं म्हणजे खोटं सांगितलं जातं: “पडला काल.” वेळ मारून नेली जाते खरी, पण खरं कारण सांगण्यासारखं नाही हे मूल त्यातून टिपतं. तिसरी चूक सगळ्यांत मायेने केलेली असते: “मोठेपणी जाईल सगळं.” काही गोष्टी जातात. बाळाच्या अंगावर स्ट्रॉबेरीसारखा उठणारा लाल फुगवटा, म्हणजे हेमँजिओमा, पहिल्या पाचएक महिन्यांत झपाट्याने वाढतो आणि मग काही वर्षांत बहुतांशी ओसरतो. (पापणीजवळ, ओठांवर असेल किंवा त्यावर जखम झाली तर तो ओसरायची वाट न बघता डॉक्टरांना दाखवावं.) पण वाइनच्या रंगाचा सपाट डाग आपोआप जात नाही, उलट वयाबरोबर गडद होऊ शकतो. जे जाणार नाही ते जाईल असं दर आठवड्याला ऐकत मोठं झालेलं मूल एक दिवस विचारतंच: कधी?

मुलाच्या चेहऱ्यावर विनोद करून ताण हलका करायचा मोहही होतो. मोठं झाल्यावर मुलाने स्वतः केला तर त्याची मर्जी. आईबापाने करू नये.

नुसती नजर

बोलण्यापेक्षा टक लावून बघणंच जास्त असतं. वेगळा चेहरा दिसला की पहिल्या क्षणी नजर जाते ती जवळपास आपोआप. चेहरे वाचणं हे मेंदूचं अखंड चाललेलं काम आहे आणि ओळखीच्या साच्यात न बसणारं काही दिसलं की तो थबकतो. तो पहिला क्षण माफ करून टाकावा. माणसाच्या हातात असतो तो त्यानंतरचा वेळ, आणि तिथेच काही जण घसरतात.

बाजारात चालू लागता येतं. फेरीबोटीत येत नाही. रायबंदरहून चोडणला जाताना एकदा फळी वर गेली की पलीकडचा धक्का लागेपर्यंत स्कूटरवाले, कामावरून परतणारे लोक आणि तुम्ही एकाच पत्र्यावर उभे असता. अशा ठिकाणी मुलाला पोटाशी घेऊन तोंड लपवू नका. पदराने किंवा टोपीने झाकणं तर नकोच, कारण झाकायचं काहीतरी आहे असा निरोप त्यातून मुलाला जातो. कठड्याशी उभं राहून मुलाला पाण्याकडे तोंड करून उभं करा आणि तुम्ही त्याच्या बाजूला राहा, पुढे नव्हे. बघणाऱ्याकडे एकदा सरळ बघून मान हलवा आणि थोडं हसा. बहुतेक जण तेवढ्यावर नजर खाली घेतात किंवा परत हसतात. तरीही कोणी बघतच राहिलं तर सपाट आवाजात “काही विचारायचंय का?” हे पुरतं. यात टोमणा आला की भांडण लागतं, आणि बोटीतलं भांडण मुलाला उतरेपर्यंत ऐकावं लागतं.

हात लावणं हा वेगळा प्रकार. डागावर बोट फिरवणारे, हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवणारे लोक असतात. इथे समजावत बसू नये. मुलाला अर्धं पाऊल मागे घ्यायचं आणि म्हणायचं, “हात नको.” वयाने मोठं माणूस असेल तर “काकी, हात नको लावू.” यात उद्धटपणा काही नाही. आपल्या शरीराला कोण हात लावतं यावर आपला हक्क असतो, हे मुलाला एरवीही शिकवायचंच असतं. कोणी मोबाईल रोखून फोटो काढत असेल तर तितक्याच ठामपणे “फोटो काढू नका, काढला असेल तर पुसा.”

लहान मुलं बोट दाखवून मोठ्याने विचारतात, “ह्याचं तोंड असं का?” तेव्हा खरी गडबड करते ती त्या मुलाची आई. लाजून त्याला ओढत नेते, चापट मारते, आणि एका साध्या प्रश्नाची भानगड होऊन बसते. अशा वेळी मोठ्यांना सोडून त्या मुलाशीच बोलावं: “जन्मापासून तसंच आहे. याचं नाव अमुक. तुझं काय?” चार-पाच वर्षांच्या मुलाचं तेवढ्याने समाधान होतं. बऱ्याचदा त्याचा पुढचा प्रश्न हातातल्या खेळण्याविषयी असतो.

सल्ले देणारे

मुद्दाम कुचेष्टा करणारे तसे थोडेच. सल्ला देणारे मात्र दर देवळाच्या पायरीवर भेटतात. दिष्ट काढलीत काय? देवाला कौल लावला काय? ग्रहण पाळलं नव्हतं ना? मासे खाऊन वर दूध प्यायलं असणार. यातलं अनोळखी माणूसही पूर्ण अनोळखी नसतं. कुठल्या गावचे, कोणाच्या घरातले, अशा दोन प्रश्नांत ते तुमच्या सासूच्या माहेरापर्यंत पोचतं. त्यामुळे इथे फटकन दिलेलं उत्तर संध्याकाळपर्यंत घरी येऊन थडकतं. तरीही गप्प बसणं परवडत नाही, कारण या सल्ल्यांच्या पोटात बहुधा एक आरोप असतो आणि तो आईवर असतो.

ग्रहणाचंच घ्या. गरोदर बाईने ग्रहणात विळी-सुरी हाती घेतली तर बाळाचा ओठ फाटतो, पोटाला हात लावला तर तिथे खूण उठते, असं म्हणतात. खरं तर बाळाचा वरचा ओठ जुळतो तो गर्भाच्या साधारण चौथ्या ते सातव्या आठवड्यात, टाळू त्यानंतरच्या थोड्या आठवड्यांत. त्या काळात कित्येक बायकांना दिवस गेल्याची खात्रीही झालेली नसते. जगात दर सातशे जन्मांमागे साधारण एका बाळाचा ओठ किंवा टाळू दुभंगलेली असते. तिथे ग्रहण दिसलं की नाही याने त्यात फरक पडत नाही. २६ डिसेंबर २०१९ च्या सूर्यग्रहणाचा कंकणाकृती पट्टा कासरगोड-मंगळूरच्या बाजूने गेला आणि गोव्यात ते खंडग्रास दिसलं. त्या सकाळी ज्यांना तिसरा महिना उलटला होता त्यांच्या बाळांचे ओठ ग्रहणाआधीच पुरे घडून गेले होते, मग त्यांनी भाजी चिरली असो वा नसो. दुभंगण्यामागे आनुवंशिकता, आईचा आधीपासूनचा मधुमेह, धूम्रपान, फेफऱ्याची काही औषधं अशी कारणं असू शकतात. पुष्कळदा नेमकं एक कारण सापडतच नाही.

माशांवर दूध घेतल्याने कोड होतं हे खरं असतं तर या किनाऱ्यावर फारच थोडे लोक त्यातून सुटले असते. कोडात शरीराची स्वतःची प्रतिकारशक्ती त्वचेला रंग देणाऱ्या पेशींवर उलटते. ते संसर्गाने पसरत नाही. ताट, टॉवेल, एकत्र पोहणं, कशानेही नाही. या बाबतीतला एक सल्ला मात्र नुसता ऐकून सोडण्याजोगा नाही: बावचीचं तेल लावून उन्हात बसवा. बावचीतल्या सोरॅलेनमुळे त्वचा उन्हाला भलतीच हळवी होते, आणि डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय तसं केलं तर फोड येऊन त्वचा भाजते. गोव्यातल्या उन्हात तर फार वेळही लागत नाही.

आता ही सगळी माहिती बाजारात सांगायची नसते. वादात तुम्ही जिंकलात तरी मुलाने दहा मिनिटं आपल्या ओठावरचं भांडण ऐकलेलं असतं. सल्ल्याला उत्तर दोन टप्प्यांत द्यावं. आधी दार लोटायचं: “डॉक्टरांचं चालू आहे आमचं.” तरी चालूच राहिलं तर “काकी, ताच्या मुखार नाका.” त्याच्यासमोर नको. हे ऐकून बहुतेक बायका ओशाळून थांबतात, कारण मूल ऐकतंय हे त्यांच्या लक्षातच आलेलं नसतं.

आरोप झालाच असेल तर मात्र एक वाक्य मुलाला ऐकू जाईल असं म्हणावंच लागतं: “यात कोणाची चूक नाही.” न म्हटल्यास मुलाच्या मनात हिशेब असा बसतो, की आईने काहीतरी चुकीचं केलं आणि त्याचा पुरावा म्हणजे मी. हे वाक्य बापाने किंवा बापाच्या आईने म्हटलं तर त्याचं वजन वाढतं. म्हणून चवथीला घर भरायच्या आधी आजीला बाजूला घेऊन सांगून ठेवावं, की गणपतीवर टांगलेल्या माटोळीखाली बसून कोणी विषय काढला तर पहिलं तुम्हीच बोला.

दया दाखवणाऱ्यांना, “बिचारें” म्हणून चुकचुकणाऱ्यांना, फक्त विरुद्ध बाजूची एखादी साधी माहिती द्यावी: “काल पोहायला शिकला तो.” शौर्यकथा नको.

मूल स्वतः बोलू लागतं तेव्हा

तीन-चार वर्षांच्या मुलाला आपल्या वेगळेपणाचं नाव माहीत असावं, जसं त्याला कोपर माहीत असतं. साधारण सहा-सात वर्षांपासून मुलं स्वतःची इतरांशी तुलना करू लागतात, आणि तेव्हा प्रश्न थेट त्यांनाच येतात. त्याआधी घरी नाटक करून बघावं. बाबा बसमधला काका होतो, मूल उत्तर देतं, मग अदलाबदल. ही अदलाबदल महत्त्वाची: प्रश्न विचारणाऱ्याच्या जागी बसल्यावर तो माणूस तितकासा भीतीदायक राहत नाही. एका बैठकीला दोन-तीन वेळा पुरे. पाढ्यांसारखं घोकून घेतलं की मुलाला वाटतं, बाहेर काहीतरी भयंकर आहे.

मुलाला पर्याय द्यावेत: ठरलेलं वाक्य म्हणणं, “मला नाही सांगायचं” म्हणणं, किंवा तुमचा हात दोनदा दाबणं, म्हणजे तुम्ही बोलायचं. तिसरा पर्याय ठेवाच. रोज धीट असण्याची सक्ती कोणावर नसावी. आणि मूल बोलू लागलं की आपण मधे तोंड घालू नये, ते अडखळलं तरी. दहा-बारा वर्षांची मुलगी एक दिवस डाग झाकायला मेकअप मागेल. तो लपवाछपवीचा पराभव वगैरे मानू नका. लावायचा की नाही हे तिने ठरवावं.

घरी परतल्यावर “लक्ष देऊ नकोस” असं म्हणण्याची फार सवय असते. त्यातून मुलाला कळतं ते इतकंच, की लागलं हीही आपलीच चूक. त्याऐवजी विचारावं, “ती बाई बोलली ते कसं वाटलं?” उत्तर आलं नाही तर विषय सोडावा, रात्री झोपताना कदाचित येईल. आणि झालेला प्रसंग फोनवर मावशीला रंगवून सांगायचा असेल तर मूल त्या खोलीत नसताना.

शाळेसाठी वर्ष सुरू व्हायच्या आधी वर्गशिक्षिकेला अर्ध्या पानाची चिठ्ठी द्यावी. त्यात वेगळेपणाचं नाव, ते दुखतं का, मूल स्वतः कोणतं वाक्य वापरतं, आणि कोणी चिडवलं तर काय करावं असं तुम्हाला वाटतं, एवढंच. बदली शिक्षक येतात तेव्हा ही चिठ्ठी हरवलेली असते, म्हणून एक प्रत मुख्याध्यापकांकडे. टोपणनाव पडलं असेल तर ते पहिल्या आठवड्यातच थांबवावं लागतं. महिनाभराने शिक्षकही नकळत तेच वापरू लागतात. शिक्षकांकडूनच बोलणी बसत असतील तर शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ ने शाळेत मुलाला शारीरिक शिक्षाच नव्हे, मानसिक छळही निषिद्ध केला आहे. तक्रार लेखी द्या, पोच घ्या.

कायद्याचं बळ रस्त्यावरही आहे, पण ते केव्हा वापरायचं हे कळायला हवं. गोव्याचा स्वतःचा बाल कायदा आहे, २००३ चा, आणि पणजीत बाल न्यायालय आहे. माणूस म्हणून मुलाची जी प्रतिष्ठा आहे तिला कृतीने किंवा शब्दाने हीन लेखणं हे त्या कायद्यातल्या बाल अत्याचाराच्या व्याख्येत बसतं. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ च्या कलम ९२ नुसार दिव्यांग व्यक्तीचा चारचौघांत हेतुपुरस्सर अपमान करणाऱ्याला सहा महिने ते पाच वर्षं कैद आणि दंड होऊ शकतो. त्या कायद्याच्या यादीत एकवीस प्रकार आहेत. ठेंगणेपणा, श्रवणदोष, ॲसिडहल्ल्याने आलेली विद्रूपता त्यांत आहे, नुसतं कोड किंवा जन्मखूण नाही. बसमधल्या एका उथळ शेऱ्यावर खटला उभा राहत नाही, आणि तसा धाक घालण्यात अर्थही नाही. पण शेजारचा माणूस येता-जाता मुद्दाम ओरडतो, मुलाचा व्हिडिओ काढून पसरवतो, तर तारीख, वेळ आणि नेमके शब्द लिहून ठेवा, साक्षीदार कोण ते लिहा, आणि १०९८ या बालकांच्या मदत क्रमांकावर किंवा पोलीस ठाण्यात जा.

शाळेच्या दिवशीच पोट दुखणं, वर्गाच्या फोटोतून पळणं, हात सतत गालावर असणं, वाढदिवसांना जायला नकार. असं दोन-तीन आठवडे चाललं तर घरगुती उपायांवर थांबू नये. बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत दाखवता येतं, आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येतं. जानेवारी २०२३ मध्ये पणजीत सुरू झालेल्या पर्पल फेस्टसारख्या दिव्यांगांच्या महोत्सवाला मुलाला एकदा जरूर न्यावं. जिथे निम्मी माणसं कुठल्या ना कुठल्या तऱ्हेने वेगळी आहेत तिथे कोणी वळून बघत नाही, आणि हा अनुभव सांगून देता येत नाही.

भावंडं राहिली. थोरली बहीण बहुधा सगळ्यांत आधी भांडायला उठते आणि घरी येऊन तिलाच बोलणी बसतात. तिला तिचं वेगळं वाक्य द्या: “माझा भाऊ आहे. काय ते त्यालाच विचारा.” त्याची राखण करायचं काम तिच्यावर टाकू नका. शाळेच्या बसमध्ये तिला मैत्रिणींशेजारी बसायचं असेल तर बसू द्या.